पन्नास झाल्याशिवाय नाही

माझ्या दुकानात 'अचानक' हा शब्द टाइप करायला बंदी होती. ही बंदी घालणारा माणूस दुकानाचा मालक नव्हता, गिऱ्हाईक होता. मजकुरात तो शब्द दिसला की ते लाल पेनानं त्याच्याभोवती गोल करायचे आणि कागद माझ्यापुढे सरकवायचे.

"अचानक काही होत नाही, बेटा. आपल्याले अचानक समजते, इतकंच."

'देवाघरी गेली' हेही चालायचं नाही. 'प्राणज्योत मालवली' असं मी एकदा माझ्या मनानं घातलं होतं, तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "दिवा होती काय थे? मेली म्हणून लिव."

लाखांदूरला एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. ते सानगडीहून यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं. आरोग्य खात्यात सेवक म्हणून जन्म घालवलेला माणूस. खेड्याखेड्यात फिरून तापाच्या रोग्याच्या बोटाला टोचायचं, रक्ताचा ठिपका काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढच्या घरी जायचं, ही त्यांची नोकरी. लोक त्यांना 'डाक्टर' म्हणत आणि त्याचा त्यांना राग येई. "मी डाक्टर नाही. मी काचा नेणारा माणूस." मी त्यांना काकाजी म्हणत असे. भिंतीवर तारीख टाकायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. माझ्या दाराच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं, चौकट आखून, प्रत्येक फेरीची तारीख ते टाकून जात. मी एकदा विचारलं, कशाला? तर म्हणाले, "उद्या कोणी म्हटलं का हा माणूस आलाच नव्हता, तं?"

माणूस समोर आला की ते त्याच्या तोंडाकडे न बघता पापण्यांकडे बघत. कोणी सहज म्हणालं की आज जरा पोट दुखतंय, तर यांचा प्रश्न ठरलेला असे: "राती झोपला कुठी होता? खाटेवर का खाली?" एसटीचा कंडक्टर त्यांना बघितलं की मुद्दाम पोटावर हात ठेवायचा आणि अख्खी गाडी हसायची. त्यांना ते कळायचं. तरीही ते विचारायचेच.

त्यांना साप चावून मेलेल्या माणसांबद्दल लिहायचं होतं. सगळ्या नव्हे, त्यांनी स्वतः बघितलेल्या. हा आमचा धानाचा मुलूख. तळी, लहान बोड्या, रोपं लावायच्या बांध्या, चिखल, आणि पावसाळाभर त्या चिखलात वाकलेली माणसं. साप इथे नवलाचा नाही. पण काकाजींच्या नोकरीच्या काळात असे किती तरी मृत्यू कागदावर भलत्याच कारणानं चढले होते. पोटदुखी. हवा लागली. बाहेरचं झालं. घरचे जे सांगतील ते हे रजिस्टरात लिहीत आणि खरं काय ते स्वतःच्या डायरीत. निवृत्त झाल्यावर त्या डायऱ्या घेऊन ते पुन्हा त्याच घरांमध्ये गेले. कुठे झोपला होता, पहिल्यांदा काय दुखलं, पहिल्यांदा कोणाला सांगितलं, त्यानं काय केलं, गाडी किती वाजता मिळाली. काही घरांतून त्यांना हाकलून दिलं. काही घरांत बाया रडल्या आणि मग सगळं सांगितलं.

पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पुस्तक करायचं म्हणून. मीच म्हटलं, "काकाजी, पुस्तक कपाटात राहते. ब्लॉग करा. फुकटात होते आणि खेड्यातलाही माणूस फोनवर वाचते."

त्यांनी ब्लॉग म्हणजे काय ते तासभर समजून घेतलं. मग म्हणाले, "उघडाचा केव्हा?"

"आजच उघडू. एक लेख टाकू, मग हळूहळू..."

"नाही. पन्नास झाल्याशिवाय नाही."

मी हसले. एवढं कोणी थांबतं का? तर ते म्हणाले, "एक मेला तं लोक म्हणतात, त्याचं नशीब. पाच-दहा मेले तं म्हणतात, योगायोग. पन्नास एका जागी मांडले तं मंग त्याईले खाली बसून वाचा लागते. दुकान उघडाच्या आधी माल भरा लागते, बेटा. रिकाम्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही."

अशी दोन वर्षं गेली. ते निळ्या शाईत लिहून आणायचे, मी टाइप करायची, छापून द्यायची, ते लाल करायचे, मी पुन्हा टाइप करायची. झालेला मजकूर ब्लॉगच्या ड्राफ्टमध्ये नंबर टाकून ठेवायचा. नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. सापाचं चित्र टाकू म्हटलं तर नको म्हणाले. "लोक चित्र पाहतात अन् भिऊन पुढं जातात. अक्षर मोठं ठेव. काळं-पांढरं." एकदा एका काचेचा नंबर आठवेना म्हणून एक लेख त्यांनी तीन महिने अडवून ठेवला. त्या नंबरानं वाचणाऱ्याला काय फरक पडणार होता ते देव जाणे. पण ते साकोलीला दोनदा जाऊन जुनी रजिस्टरं चाळून आले.

त्यांची भाषा मात्र सरकारी होती. बोलताना इतका नेमका माणूस, पण पेन हातात घेतलं की लिहायचा, "सदर महिलेस पहाटेच्या सुमारास उदरवेदना सुरू होऊन तदनंतर वमन झाले." मला त्याचं काही वाटत नसे. मी दिवसभर उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज भरणारी बाई. 'सदर' आणि 'तदनंतर' माझ्या बोटांना पाठ होते. डोळ्यांतून मजकूर आत जायचा आणि बोटांतून बाहेर पडायचा. मध्ये कुठे थांबायचा नाही.

होळीच्या सुमारास ड्राफ्टमध्ये एकोणपन्नास झाले. मी उत्साहानं म्हटलं, "काकाजी, एकच राहिला!" पुढच्या खेपेला त्यांनी नवीन कागद आणले नाहीत, जुन्यातच काना-मात्रा बदलत बसले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. चैत्र गेला, वैशाख गेला, पेरे पडले. मी विचारलं की कधी म्हणायचे तारीख जुळत नाही, कधी म्हणायचे त्या घरचे बाहेरगावी गेले. एकदा मी चिडूनच म्हटलं, "एक कमी असला तं काय होते? एकोणपन्नासावर उघडू."

"पन्नास म्हणजे पन्नास," ते म्हणाले आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा एक गाडी आधी निघून गेले.

दिघोरी माझं माहेर. तिथे माझा दादा, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, त्यामुळे वहिनी कमी आणि मैत्रीण जास्त. धान रोवण्याच्या दिवसांत ती दिवसभर चिखलात असायची आणि सकाळी, चूल पेटवायच्या आधी, मला एक फोन करायची. दोन मिनिटांचा.

त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा सव्वासहा वाजले होते. मी पोळ्या लाटत होते, फोन खांद्यावर धरला होता.

"बाई, पोट दुखून राहिलं वं माह्यं. एक उलटी झाली. गळाबी दुखते."

"काल काय खाल्लं?"

"तेच, भात अन् भाजी. डोळ्यावर झापड येऊन राहिली निसती. उघडाच वाटत नाही."

"थकली असशीन. दिवसभर वाकून रोवणा करतेस. ओवा खा, गरम पाणी पी अन् पडून राय जराशी."

"तुह्या दादाले नको सांगू. थो बांधीवर गेला पाणी पाहाले. सांगशीन तं धावत येईन."

"नाही सांगत. झोप तू."

एवढंच. पोळी करपली म्हणून मी फोन ठेवला.

दादा सात वाजून गेल्यावर घरी आला. मुलीनं सांगितलं, आई उठत नाही. वहिनीची जीभ जड झाली होती, तोंडातून लाळ येत होती, पापण्या अर्ध्यावर. शेजाऱ्यांची गाडी मिळाली. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा श्वास जवळजवळ थांबला होता. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. त्यांनी दादाला विचारलं, "रात्री जमिनीवर झोपल्या होत्या का?" दादा म्हणाला, हो, उकडत होतं म्हणून मायलेकी खालीच झोपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "मण्यार असेल. चावलेलं कळत नाही तिचं. झोपेत चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पोट दुखतं."

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होते. नंबर सतरा, मला आठवलं. नंबर सतरा, नंबर बावीस, नंबर एकतीस. उदरवेदना, वमन, घशात वेदना, पापण्या जड होणे. 'पापण्या' या शब्दातला 'ण्या' मी तीन वेळा दुरुस्त केला होता. वहिनी साडेदहाला गेली.

तेरावं झाल्यावर मी दुकान उघडलं. पहिल्याच मंगळवारी काकाजी आले. दारामागे तारीख टाकली. माझ्यासमोर बसले. वाईट झालं, सावर, असं काही म्हणाले नाहीत. डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "खाटेवर झोपली होती का खाली?"

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी टेबलावरचे त्यांचे कागद उचलून बाहेर फेकले. "निघा! निघा माह्या दुकानातून! तुम्हाले निसते मेलेले पाहिजे!"

ते उठले. बाहेर जाऊन कागद गोळा केले आणि पायरीवर बसले. उन्हं चढली, स्टँडवर दोन गाड्या लागल्या आणि सुटल्या. गिऱ्हाईकं त्यांना ओलांडून आत येत होती आणि जात होती. ते बसूनच राहिले. दुपारी मीच त्यांना आत बोलावलं आणि पाणी दिलं. त्यांनी पुन्हा डायरी उघडली. पुन्हा तोच प्रश्न.

या वेळी मी उत्तर दिलं. एकेक प्रश्न ते विचारत गेले, त्यांच्या त्या ठरलेल्या क्रमानं. मग म्हणाले, "पयले कोणाले सांगितलं तिनं?"

"कोणालेच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोणाले तरी सांगतेच माणूस."

मी कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत होते. मग मी त्यांना सव्वासहाचा फोन सांगितला. ओवा सांगितला, गरम पाणी सांगितलं, पडून राहा असं मी म्हणाले तेही सांगितलं. दादाला हे माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, तेही सांगितलं.

त्यांनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही. डायरी मिटून मांडीवर ठेवली आणि ते बोलायला लागले.

"नोकरी लागून वर्षबी झालं नव्हतं मले. जंगलाच्या बाजूचं खेडं. सकाळीच गेलो. एका घरी बाई म्हणे, पोरीचं पोट दुखते अन् डोळे उघडत नाही. ताप नव्हता. तरी मी काच घेतली. काच घेणं माहं काम होतं. दोन गोळ्या देल्या. म्हणलं, झोप येऊन राहिली तिले, झोपू द्या. भिंतीवर तारीख टाकली अन् निघालो. पंधरा दिवसानं पुन्हा फेरी आली. त्या बाईनं मले बसाले खाट टाकली. अन् म्हणे, 'डाक्टर, तुम्ही सांगितलं तशी आम्ही झोपू देली तिले.' रागानं नाही म्हटलं तिनं. मले सांगून राहिली होती का तुमचं ऐकलं म्हणून."

मी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं.

"पन्नासावा तो हाय," काकाजी म्हणाले. "लिहाले बसलो का हात चालत नाही. पन्नास झाल्याशिवाय नाही, असं तुले म्हणत होतो. अन् पन्नासावा माह्याजवळच होता पयल्या दिवसापासून. उन्हाळ्यातच उघडलं असतं तं..."

"तं काय झालं असतं?" मी म्हटलं. "मी तं सगळं टाइप केलं होतं, काकाजी. दोन-दोन, तीन-तीन वेळा. लोकाईनं एकदा वाचलं असतं. मलेच आठवलं नाही, तं त्याईले काय आठवन?"

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरत नाही. माणसानं दोन वर्षं भिंत बांधावी आणि कोणी हात लावल्यावर कळावं की मातीत पाणीच घातलं नव्हतं, तसा. ते उठले, कागद पिशवीत भरले आणि गेले. मला वाटलं, आता येत नाहीत.

शुक्रवारी आले. पिशवीतून एकोणपन्नास छापील लेख काढून त्यांनी टेबलावर ठेवले. "हे सारे पुन्हा लिहू. तू विचारशीन अन् मी सांगीन. जसं सांगीन तसंच टाइप कर. 'सदर' नाही पाहिजे."

मग सगळं नव्यानं सुरू झालं. आधी लेखांची सुरुवात गावाच्या वर्णनानं आणि माणसाच्या घराण्यानं व्हायची. आता पहिली ओळ अशी झाली: सकाळी पोट दुखते, गळा दुखते, डोळे उघडत नाहीत? जमिनीवर झोपले होते? वाचत बसू नका, गाडी बोलवा, मोठ्या दवाखान्यात न्या. त्याखाली मेलेल्या माणसाची हकिकत, जशी घरच्यांनी सांगितली तशी, आणि शेवटी एक ओळ: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोसा, साप आत शिरत नाही.

एक लेख झाला की काकाजी तो घेऊन स्टँडवर जायचे. बाकावर बसलेल्या कोणालाही वाचून दाखवायचे, मग चहा पिऊन यायचे आणि त्याच माणसाला विचारायचे, "तं मंग काय करसान?" एका म्हातारीनं शांतपणे सांगितलं, "बाबाकडं नेऊन झाडून आणू." एक जण म्हणाला, जखमेला कोंबडी लावू, ती विष ओढून घेते. काकाजी भांडले नाहीत. परत येऊन म्हणाले, "फाड. पुन्हा लिहू." ज्या लेखाला तीन अनोळखी माणसं "गाडी काढू, दवाखान्यात नेऊ" म्हणतील तो पास. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. स्टँडवरचा चहावाला मला म्हणाला, "बाई, त्याईले आवरा. गिऱ्हाईक उठून जाते माहं."

धान कापणीला आलं तोवर सगळे लिहून झाले. पन्नासावा त्यांनी एका बैठकीत सांगितला, भिंतीकडे तोंड करून. 'आरोग्य सेवकाने सांगितले, झोपू द्या. तो आरोग्य सेवक मीच होतो.' हीच त्याची पहिली ओळ.

एक्कावन्नावा वहिनीचा. तो त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला. एका ठिकाणी ते म्हणाले, "घरच्यांनी ओवा दिला, असं लिव."

माझी बोटं थांबली. "घरच्यांनी नाही देला."

"नाव-गाव नाही त्यात. इतकं चालते."

"तुम्ही तुमचं लिवलं नं, काकाजी?"

मी टाइप केलं: तिने नणंदेला फोन केला. नणंदेने सांगितले, ओवा खा आणि पडून राहा. नणंदेला ही सगळी लक्षणं माहीत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही ब्लॉग उघडला. बटण त्यांनी दाबलं, एका बोटानं, काच धरावी तसं सांभाळून. पहिल्या दिवशी कोणी वाचलं नाही. मग एका शाळेतल्या मास्तरांनी गावच्या ग्रुपवर टाकलं आणि तिथून ते फिरायला लागलं. किती लोकांनी वाचलं हे मी सांगायला गेले की ते ऐकायचे नाहीत. त्यांचा प्रश्न एकच: "कोणी फोन केला काय?" पानावर दुकानाचा नंबर होता. एकदाच एका माणसाचा फोन आला. बायकोच्या पापण्या पडून राहिल्या म्हणाला. काकाजी ओरडले, "फोन ठेव अन् गाडी काढ!" त्यानं फोन ठेवला. पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. नंबर लागत नव्हता.

दादापर्यंत ते पोचायला पंधरवडा लागला. मंगळवार होता, काकाजी दुकानातच होते. दादा आला तो फोन हातात घेऊनच. बसला नाही.

"हे नणंद म्हणजे तू?"

"हो."

"केव्हा केला होता तिनं फोन?"

"सव्वासहा."

त्यानं मान हलवली, जणू हिशेब जुळत होता. मग काकाजींकडे वळला. "काकाजी, तुम्हाले समजते यातलं. सव्वासहाले निघालो असतो तं वाचली असती काय ते?"

मी काकाजींकडे बघितलं. सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरसुद्धा तसंच म्हणतात. आणि ते खोटंही नव्हतं.

काकाजींनी चष्मा काढला. "बहुतेक वाचली असती," ते म्हणाले.

दादानं फोन खिशात ठेवला. मग गेला. त्या वर्षी त्यानं भाऊबीजेला मला बोलावलं नाही. मी गेले, तर ओवाळून घेतलं नाही. मुलगी दाराआडून बघत होती.

त्या मंगळवारी दादा दुकानातून गेल्यावर मी काकाजींवर ओरडले होते. "जरासं खोटं बोलता आलं नसतं काय तुम्हाले? काय बिघडलं असतं?"

"येते नं खोटं बोलता," ते म्हणाले. "तीस वर्षं रजिस्टरात पोटदुखीच लिवत होतो."

त्यानंतरही ते येत राहिले. पण आता शुक्रवारची गाडी त्यांना लाखांदूरपर्यंत आणायची नाही. ते मधेच, दिघोरीला उतरायचे आणि मागच्या गाडीनं माझ्याकडे यायचे. तिथे काय करता, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटायचं, नवीन काही लिहायला माणसं शोधत असतील.

यंदा थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारत होते की तू झोपतोस कुठे. पाचव्या दिवशी मेले. त्यांचा मुलगा नागपूरला असतो. त्यानं सगळं रीतसर केलं. मातीला सानगडीचे लोक होते आणि मी होते. कंडक्टर आला होता, दुरून हात जोडून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दादा माझ्या दुकानात आला. सव्वा वर्षात पहिल्यांदा. दारातच थांबला.

"ते काकाजी येत नाहीत आता?"

"गेले ते. पंधरा दिवस झाले."

"मले कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"त्या दिवसानंतर भेटत होते काय ते तुले?"

"दर शुक्रवारी येत होते घरी. पयले मी बोलत नव्हतो, हाकललंबी एकदा. तरी येत. पोरीच्या खाटेची मच्छरदाणी पाहत, चारी बाजूनं गादीखाली खोसली का नाही. एका जागी सैल असली तं पुन्हा काढून खोसाले लावत तिले. झालं का पाणी पेत अन् निघून जात. मी एकदा विचारलं, कायले येता? तं म्हणे, पाहाले."

बाहेर दिघोरीची गाडी लागली होती. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं.

"पोरगी विचारत होती, या शुक्रवारी आले नाही, मागच्या शुक्रवारी आले नाही. म्हणून आलो होतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिले काय सांगू?"

"मेले म्हणून सांग," मी म्हटलं.

तो गाडीकडे गेला. मी खिडकीतून बघत होते. तो चढला, बसला आणि गाडी निघेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकवून राहिला.